जंगलाकाठच्या शेतकऱ्याने बंदूक कोणती घ्यावी: बेळगावातील एका जुन्या दुकानातून केलेली खरेदी

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत आणि तिकडे हेमाडगा-नेरशाच्या बाजूला, ज्यांची भातशेती रानाला लागून आहे त्यांची पीक पोटरीला आल्यापासून खळ्यावर येईपर्यंत रात्रीची राखण चुकत नाही. रानडुकरे लोंब्या खातात त्यापेक्षा तुडवून अधिक नुकसान करतात, गवे कळपाने उतरले तर एका रात्रीत वाफे सपाट होतात, आणि सांबर, चितळ व भेकर कोवळी पात कुरतडून जातात. यंदा मी परवान्यावर नवी बंदूक घेतली. बेळगाव शहरातील एका जुन्या परवानाधारक दुकानात ही खरेदी झाली, आणि तिथे रायफल, दुनळी, एकनळी, काडतुसे, एअरगन आणि पुतण्याच्या हट्टामुळे धनुष्य, असे सगळेच पाहून झाले. आमच्या भागातील अनेकांना हा निर्णय करावा लागतो आणि बहुतेकांना तो ऐकीव माहितीवर करावा लागतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मत आधीच सांगतो. जंगलाकाठच्या शेतकऱ्यासाठी साधी, घोडा बाहेर असलेली, सांध्यात मोडून भरायची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप) एकनळी हीच योग्य खरेदी आहे. हरणासाठी कोणती रायफल, कोणती गोळी, कोणते धनुष्य, ही चर्चा आपल्याकडे करण्यात अर्थ नाही. हे गिऱ्हाईक गमावण्याची पर्वा न करता जो दुकानदार पहिल्या दहा मिनिटांत सांगतो, त्याच्याकडूनच बंदूक घ्यावी.

या दुकानात सुरुवात बंदुकीपासून होत नाही, गावापासून होते. मालक वयस्क आहेत, मराठी आणि कन्नड सारख्याच सहजतेने बोलतात. त्यांनी परवाना हातात घेतला, वाचला आणि विचारले, "गाव भीमगडपासून किती लांब?" हा प्रश्न वरवरचा नाही. भीमगड हे २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वनखात्याकडे नोंदवणे बंधनकारक आहे. त्या परिघात नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. आमच्याकडच्या कितीतरी घरांत वडिलोपार्जित बंदुका आहेत, परवाने वेळेवर नूतनीकरण केलेले आहेत, पण ही नोंद केलेलीच नाही. शस्त्र घेऊन अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे, आणि रानातल्या पायवाटेने एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना हद्द कुठे लागते हे अंधारात कळत नाही. मालकांनी कागदावर रेघ ओढून हे समजावले. विकणाऱ्याने एवढे करावे अशी अपेक्षा नसते, पण करतो तेव्हा त्याची किंमत कळते.

हरणाच्या शिकारीविषयी त्यांचे म्हणणे एका वाक्याचे होते: ती १९७२ च्या कायद्याने बंद आहे आणि त्यासाठी माझ्या दुकानात काहीही मिळत नाही. कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत ठार मारणे, जखमी करणे, फासे लावणे यांबरोबर तसा प्रयत्न करणेही येते, त्यामुळे बार चुकला म्हणून सुटका होत नाही. जिवावर बेतले असताना स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्‌भावनेने केलेली कृती कायदा गुन्हा मानत नाही. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या काही प्राण्यांबाबत ११ व्या कलमाखाली अधिकाऱ्याकडून लेखी परवानगीची तरतूदही आहे, पण ती परवानगी देणारे वनखाते असते, बंदुकीचा परवाना नव्हे. हा भेद आमच्या गावागावांत धूसर झालेला आहे. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे पिकात आलेल्या जनावराला मारण्याचा परवाना, असे सरसकट समजले जाते, आणि मग सांबराच्या मांसाचा वाटा घरोघर गेल्यावर बंदूक, परवाना आणि घरचा कर्ता माणूस असे तिन्ही एकदम जातात.

दुसरी गोष्ट शस्त्र कायद्याची. १९५९ च्या या कायद्याच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे म्हटले आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे आत आटे नसलेली, बंदूक देता येते. रायफलीच्या नळीत आटे असतात, म्हणजे पीकसंरक्षणाच्या नावाखाली रायफल मागण्याची सोयच तिथे नाही. कणकुंबीसारख्या गावात ठासणीची बंदूक पुरत नाही हे पटवून देणे अवघड जाऊ नये, कारण जून ते सप्टेंबर तिथे जो पाऊस पडतो त्यात उघडी दारू आणि टोपी कोरडी ठेवणे हेच रात्रीचे अर्धे काम होते. अर्जात हे स्पष्ट शब्दांत लिहावे, पिकाच्या नुकसानीचे पंचनामे आणि वनखात्याकडे केलेल्या भरपाईच्या अर्जांच्या प्रती जोडाव्यात. नमुने कन्नड आणि इंग्रजीत असतात. दुकानातला मुलगा ते विनामूल्य वाचून समजावतो, आणि आमच्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला त्याचा मोठा आधार होतो.

तरीही रायफल पाहिली. दुकानात एक वापरलेली .३१५ (हे आकडे इंचातील बोअरचे) स्पोर्टिंग रायफल विक्रीला होती, इछापूरच्या कारखान्यात बनलेली, आणि चंदगड-खानापूरकडील जुन्या घराण्यांत हीच सर्वांत जास्त आढळते. लष्करातील .३०३ ची गोळी सामान्य माणसाच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रजांच्या काळापासून जो वेगळा बोअर नागरी वापरासाठी चालत आला तोच हा. यंत्रणा ली-एनफील्डचीच, बोल्ट मागेपुढे करून भरायची, त्यामुळे लष्करात नोकरी केलेल्या माणसाच्या हाताला ती लगेच ओळखीची वाटते. आमच्या शेजारचे निवृत्त मराठा लाइट इन्फंट्रीचे सुभेदार बरोबर होते. त्यांनी बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहिले आणि आटे शाबूत असल्याचे सांगितले. वस्तू म्हणून ती उत्तम आहे, यात शंका नाही. पण गोळी जड, सुमारे २४४ ग्रेन म्हणजे जवळपास १६ ग्रॅमची, आणि चुकली तर दोन किलोमीटरपलीकडेही माणूस मारू शकणारी. आमच्याकडे एका टेकडीवर शेत, खाली नाला आणि नाल्यापलीकडे दुसऱ्या गावाची वस्ती अशी रचना असते. शिवाय रात्री गवळी-धनगरांचे वाडे नेमके कुठल्या सड्यावर उतरले आहेत हे कुणालाच ठाऊक नसते. अशा ठिकाणी रायफल हे राखणीचे हत्यार होऊच शकत नाही. ज्यांच्याकडे ती वारशाने आली आहे त्यांनी कागद नीट ठेवावेत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात हे ध्यानात घ्यावे, आणि तिला शेतात नेऊ नये.

तरुण मुले मोबाइलवर परदेशातील शिकारीचे व्हिडिओ पाहून दुकानात येतात आणि .३०-०६ मागतात, .३०८ मागतात. तिथले गणित वेगळे आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचे हरीण ठरावीक हंगामात, ठरावीक संख्येच्या परवान्यावर मारता येते, म्हणून तिथे १९०६ सालची .३०-०६, १९२५ ची .२७० आणि १९५२ ची .३०८ या गोळ्यांची तुलना वर्षानुवर्षे चालते. तिथला जबाबदार शिकारी मऊ टोकाची, लागल्यावर पसरणारी गोळी निवडतो. पूर्ण धातूच्या वेष्टनाची गोळी आरपार जाऊन जनावर जखमी अवस्थेत दूर पळते, म्हणून ती तो टाळतो. इंग्लंडमध्ये तर १९९१ च्या कायद्याने मोठ्या हरणासाठी किमान .२४० इंच बोअर आणि १,७०० फूट-पौंड ऊर्जा अशी खालची मर्यादाच घातली आहे. या सगळ्यामागे एकच विचार आहे: मारायचेच असेल तर जनावर तळमळत मरू नये. जिथे मारायला परवानगीच नाही तिथे त्या विचाराचा उपयोग बंदूक निवडण्यासाठी होत नाही. मात्र आपल्याकडे चोरून शिकार करणारे जे छर्रे वापरतात त्यांनी किती भेकरे आणि सांबरे आठवडाभर कुजत मरत असतील, याचा अंदाज त्यावरून येतो. आमच्या रानाच्या कडेला नाल्यात मेलेली सांबराची मादी मी पाहिली आहे. मागच्या फऱ्यात छर्रे होते, जखमेत अळ्या पडल्या होत्या आणि पोटात पिल्लू होते. ज्याने बार टाकला त्याला मांसही मिळाले नाही.

आता खऱ्या खरेदीकडे येतो.

बारा बोअरमध्ये तीन पर्याय समोर ठेवले गेले: जुनी इंग्लिश दुनळी, नवी देशी पंप अॅक्शन (नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून भरायची) आणि नवी देशी एकनळी. पंप अॅक्शन दिसायला रुबाबदार असते आणि लागोपाठ बार काढते, परंतु आमच्या चिखलात आणि दमट हवेत तिच्या सरकत्या भागांची निगा राखणे शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. शिवाय ती भरलेली आहे की रिकामी हे बाहेरून पाहून कळत नाही, आणि ज्या घरात मुले आहेत तिथे एवढे एक कारण पुरे आहे.

जुन्या दुनळीवर मात्र माझे मन गेले होते, आणि ती का घेतली नाही हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे अशा दुनळ्या स्वस्तात फिरतात. मालकांनी ती माझ्यासमोर खोलली. पुढचा लाकडी भाग काढला, नळ्या दस्त्याला जोडल्या आणि हाताने हलवून पाहिले. सांध्यात किंचित खुटखुट होती. नंतर नळ्या वेगळ्या करून एका बोटावर टांगल्या आणि नखाने टिचकी मारली. दोन्ही नळ्यांमधली पट्टी घट्ट असेल तर देवळातल्या लहान घंटेसारखा स्वच्छ नाद येतो, पट्टीचा डाख कुठे सुटला असेल तर आवाज बोदा येतो. इथे तो बोदा आला. नळीतून पाहिल्यावर डाव्या बाजूला मध्यावर गंजाचे खड्डे दिसले. शेवटी त्यांनी नळ्यांच्या बुडाच्या सपाट भागावरील शिक्के भिंगाखाली दाखवले. त्यात काडतुसाच्या घराची लांबी अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर, अशी कोरलेली होती. आज बाजारात जी काडतुसे सहज मिळतात ती बहुतेक ७० मिलिमीटरची असतात. फसवणूक अशी की न उडवलेले ७० चे काडतूस ६५ च्या घरात बिनदिक्कत बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. बार झाल्यावर ती दुमड पुढे उघडते, नळीच्या निमुळत्या भागात अडते आणि दाब वाढतो. जुनी, खड्डे पडलेली नळी तो दाब दर वेळी सोसेलच असे नाही. ज्यांच्या घरी आजोबांची इंग्लिश बंदूक आहे त्यांनी हा एक आकडा आजच तपासावा. आणि नळीवर वेलबुट्टीसारखी लाटांची नक्षी दिसत असेल, तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेली काळ्या दारूच्या जमान्यातली नळी असू शकते. तिच्यात आजचे काडतूस घालू नये, ती भिंतीवरच शोभते.

हे सगळे त्यांनी स्वतःच्या विक्रीच्या मालाविषयी सांगितले. दुनळी विकून त्यांना एकनळीपेक्षा कितीतरी अधिक पैसे मिळाले असते.

घेतलेली एकनळी नवी आहे, देशी बनावटीची, सुमारे तीन किलो वजनाची. नळीचा आतला व्यास बारा बोअरचा असतो तसा सुमारे १८.५ मिलिमीटर. घोडा बाहेर आहे, आणि हीच तिची सर्वांत मोठी जमेची बाजू समजतो. माळ्यावर अंधारात बसलेले असताना घोडा चढलेला आहे की उतरलेला हे अंगठ्याने चाचपून कळते, आणि कळ दाबून बंदूक मोडली की काडतूस आहे की नाही हे बोट घालून कळते. घरी परतताना ती मोडूनच खांद्यावर टाकावी, म्हणजे वाटेत भेटणाऱ्या माणसालाही ती रिकामी असल्याचे दिसते. सांधा घट्ट बसतो, उघडताना कळ सुरुवातीला फार कडक होती, ती आता सरावाने मऊ झाली आहे. वापरलेले काडतूस बाहेर फेकले जात नाही, नुसते थोडे वर उचलले जाते आणि बोटांनी ओढून काढावे लागते. राखणीच्या कामाला एवढे पुरे, उलट रिकामी नळकांडी चिखलात हरवत नाहीत.

दोष आहेत. चाप जड आहे, इतका की बार सोडताना नळी उजवीकडे ओढली जाते. दस्त्याचे लाकूड जातीचे आहे, पण वरचे पॉलिश पहिल्याच पावसाळ्यात पांढरे पडले आणि कडेला लाकूड फुगले. दस्त्याची लांबी सहा फुटी माणसाला बेतलेली वाटते. कोपर काटकोनात वाकवून दस्ता बाहूच्या खाचेत ठेवला तर तर्जनीचे पेर सहज चापावर यायला हवे, माझे येत नव्हते. दुकानाच्या कारागिराने मागून सुमारे पाऊण इंच लाकूड कापून त्यावर रबराची गादी बसवून दिली, आणि त्यानंतर खांद्याला बसणारा धक्का सुसह्य झाला. चापाचे काम मात्र त्यांनी नाकारले. चाप हलका करताना घोडा आपटून उतरण्याचा धोका निर्माण होतो, आणि शेतात नेण्याच्या बंदुकीत जड चाप बरा, असे त्यांचे मत. मला ते पटले. लाकडाला घरीच जवसाचे तेल पातळ थरांनी चोळले, त्याने पाणी आत जाणे थांबले आहे.

काडतुसांची निवड बंदुकीहून महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बारा बोअरची देशी काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येतात. १८६९ साली सुरू झालेला हा कारखाना २०२१ च्या फेररचनेनंतर म्युनिशन्स इंडिया या कंपनीत गेला, पण जुनी मंडळी अजून नुसते 'खडकीचे काडतूस' म्हणूनच मागतात. छर्ऱ्यांचे आकार इंग्रजी पद्धतीचे: एल.जी. आणि एस.जी. हे मोठे दाणे, मग ए.ए.ए., बी.बी., आणि पुढे आकडा वाढेल तसा दाणा बारीक. गावात सगळे एल.जी., एस.जी. मागतात. एस.जी.चा दाणा साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि एका काडतुसात तसे आठ-नऊच दाणे बसतात. तीस-पस्तीस मीटरच्या पुढे ते इतके फाकतात की नेम धरून उपयोग नाही, आणि तरीही एखादा दाणा सहाशे मीटरपलीकडे जाऊन कुणाच्या अंगणात पडू शकतो. बारीक ६ किंवा ८ नंबरचा छर्रा हवेच्या विरोधाने दोनशे-सव्वादोनशे मीटरच्या आत जमिनीवर येतो. राखणीसाठी आपल्याला आवाज हवा असतो, आणि आवाज दोन्ही काडतुसांचा सारखाच. म्हणून मी बारीक छर्ऱ्याचीच घेतली, आणि बार नेहमी आपल्याच बांधाच्या चढाकडे, समोर मातीची भिंत असेल अशा दिशेने काढायचा असे ठरवले. वर आभाळात बार काढण्याची सवय वाईट आहे. छर्रे कुठेतरी खाली येतातच, आणि निष्काळजीपणे बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे २०१९ पासून स्वतंत्र शिक्षेस पात्र आहे.

आवाजाचा परिणाम किती होतो, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. डुकरांचा कळप पहिल्या बाराला नाल्यापलीकडे जातो आणि त्या रात्री सहसा परत येत नाही. सांबर आणि भेकर नुसत्या बॅटरीच्या झोतानेही निघून जातात, त्यांच्यासाठी काडतूस खर्च करण्याचे कारण नाही. गवा मात्र उभा राहून पाहतो. त्याच्यासमोर बंदुकीचा भरवसा धरून वाफ्यात उतरू नये. रोज ठरल्या वेळी बार काढला तर जनावरे चार-पाच रात्रींत सरावतात, म्हणून पत्र्याचे डबे, हाकारे, शेकोटी आणि बार यांची अदलाबदल करावी लागते. सौरकुंपण परवडत असेल तर ते बंदुकीपेक्षा अधिक काम करते, हेही दुकानाच्या मालकांनीच सांगितले.

काडतुसे ठेवण्याविषयी एवढेच, की पूर्वीची कागदी नळकांडी दमट हवेत फुगत आणि नळीत अडकत. प्लास्टिकची फुगत नाहीत, पण पितळी बुडावर हिरवट कीट चढते आणि तसे काडतूस ओढून काढताना बूड तुटू शकते. घट्ट झाकणाच्या डब्यात, बंदुकीपासून वेगळ्या कुलुपात ठेवावीत, आणि ती तेलकट हातांनी हाताळू नयेत. एका वेळी किती आणि वर्षभरात किती घेता येतात हे परवान्यावर लिहिलेले असते, आणि हे दुकान त्यापलीकडे एकही काडतूस देत नाही, ओळख कितीही जुनी असो.

पुतण्याच्या धनुष्याविषयी थोडक्यात. त्याने चाके आणि दोऱ्यांचे कंपाउंड धनुष्य पाहिले होते, जे पूर्ण ताणल्यावर हाताला ताणाचा थोडाच भाग जाणवतो आणि म्हणून नेम स्थिर राहतो. दुकानात ते नव्हते, मालकांनी मागवून देण्याची तयारी दाखवली, पण आधी काय करणार हे विचारले. अमेरिकेत धनुष्याने हरीण मारणारे साधारणतः किमान ४० पौंड ताणाचे धनुष्य वापरतात आणि वीस-तीस मीटरच्या पुढे बाण सोडत नाहीत, कारण बाण धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो, आणि लागल्यानंतरही हरीण दूरवर पळते. इंग्लंडमध्ये हरणावर धनुष्य चालवायला कायद्यानेच बंदी आहे. आपल्या कायद्याला बाण आणि गोळी यांत फरक नाही. हे ऐकल्यावर पुतण्याला नेमबाजीच शिकायची आहे हे त्याने स्वतःहून सांगितले, आणि मग त्याच्यासाठी .१७७ ची देशी एअर रायफल घेतली. २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेची आणि .१७७ हून मोठा बोअर नसलेली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, पण ओळखपत्र द्यावे लागते आणि दुकानाच्या वहीत नोंद होते. .२२ ची एअर रायफल मात्र परवान्याखाली येते. वानरांवर किंवा पाखरांवर मारण्यासाठी एअरगन मागणाऱ्याला हे दुकान ती विकत नाही, हे मी समोर उभा असताना पाहिले. पुतण्या आता खळ्यामागे दहा मीटरवर मातीच्या ढिगासमोर कागद लावून सराव करतो. आपल्या सैनिकी परंपरेच्या जिल्ह्यात अशा मुलांसाठी तालुक्याला एक तरी नेमबाजीची जागा असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

सेवेविषयी दोन तक्रारी आहेत. कारागीर आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतो आणि तो दिवस फोनवर विचारल्याशिवाय कळत नाही. खानापूरच्या पश्चिमेकडून बसने येणाऱ्याचा त्यात पूर्ण दिवस जातो. दुसरे, विक्रीनंतर परवान्यावर बंदुकीचा क्रमांक चढवणे आणि दिलेल्या मुदतीत ती अधिकाऱ्याला दाखवणे याची माहिती त्यांनी तोंडी दिली, लेखी दिली असती तर बरे झाले असते. परवान्यावरील विशिष्ट ओळख क्रमांक, बंदुकीवरील क्रमांक आणि बिलावरील क्रमांक हे तिन्ही दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी स्वतः वाचून पाहावेत. एका अक्षराची चूक दुरुस्त करायला कचेरीत किती फेऱ्या लागतात हे वेगळे सांगायला नको. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते, ती संपण्याच्या बऱ्याच आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा.

निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात तेव्हा पोलीस ठाण्याऐवजी परवानाधारक विक्रेत्याकडेही बंदूक ठेवता येते, आणि या दुकानाचा इथे खरा उपयोग होतो. ते जमा करून घेताना नळी, दस्ता आणि घोडा यांची अवस्था पावतीवर लिहितात, बंदूक तेल लावून कोरड्या खोलीत उभी ठेवतात आणि माफक शुल्क घेतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या एका नातेवाइकाची बंदूक दुसऱ्या ठिकाणी जमा होती, ती परत मिळाली तेव्हा नळीला आतून तांबूस गंज चढला होता आणि पावतीवर अवस्थेची नोंदच नसल्याने विचारणार कुणाला, असा प्रश्न पडला. जमा करण्यापूर्वी नळीतून फ्लॅनेलची चिंधी तेलात भिजवून दोन-तीनदा ओढावी, मोबाइलवर चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि परत घेताना मोडून, उजेडाकडे धरून, आतून पाहिल्याशिवाय सही करू नये.